कोटर पिन

छर्रे घेताना मूठभर उचलू नयेत.
पाटीवर ओतावेत, पाटी जराशी कलती धरावी.
जो सरळ घरंगळतो तो आपला,
जो मधेच विचारात पडतो
तो परत डबीत.
एवढं शिकवायला वजीरमियांनी एक अख्खा उन्हाळा घेतला,
सेलूच्या स्टेशन रोडला, लिंबाखाली.
"गिनके डाल," म्हणायचे,
"एक कम चलेगा, एक खराब नहीं चलेगा."

नवी चेन घ्यायची तर आधी फ्रीव्हीलचे दात बघा.
खुरप्यासारखे एका अंगाला झुकले असतील
तर नवी चेन तिथं नांदणार नाही,
चढावर उड्या मारील
आणि महिन्यात माझ्याकडं परत येईल, तोंड पाडून.
घरचं करडीचं तेल घालू नका.
घालतात लोक. मग धूळ बसते, त्याची खळ होते,
मी काडीनं उकरत बसतो आणि ते म्हणतात,
मामा, तेल तर रोज घालायलोत की.

टायर जाड घ्या, आमच्याकडं डांबरापेक्षा बाभळी जास्त.
मडगार्ड दोन बोटं वर बांधून घ्या,
काळी माती चाकाला एकदा धरली
की सायकल तुमच्या खांद्यावर बसून घरी येते.

रिमचा आऊट मी खडूनं काढतो.
चाक फिरवायचं, खडू नुसता जवळ धरायचा,
जिथं पांढरं उमटलं
तिथं त्या अंगाची तार सैल, पल्याडची ताठ.
पाव आटा. त्याहून जास्त नाही.
हे डोळ्याचं काम, डोळे अजून शाबूत आहेत.

आवाजाचं काम कानाचं.

दोन वर्षं झाली,
मालगाडी ऐकू येते, भंगारवाल्याचा भोंगा येतो,
कोनातली किरकिर येत नाही.
कुणाला बोललो नाही.
पेचकसाची मूठ दातात धरतो,
टोक हबला टेकवतो, हाडातून ऐकतो.
गिऱ्हाइकाला वाटतं, उस्तादी आहे.

कांचन, नववीतली, दुधनेपल्याडची,
शाळेतून मिळालेली निळी सायकल.
"मामा, वाजायलंय."
मी मागचा हब उघडला. छर्रे नवे, ग्रीस नवं,
पासष्ट रुपये.
ती दुसऱ्या दिवशी दारात.
"अजून वाजायलंय."
मी पेचकस दातात धरला.
ती बघत राहिली, पेचकसाकडं नाही, माझ्याकडं.
"तुमाला ऐकूच येत न्हाई का?"
हळू विचारलं असणार.
मी ओठांवरून वाचलं.

मग तिनंच सायकल स्टँडला लावली,
हातानं पॅडल फिरवलं,
"इथं. डाव्या अंगाला. पॅडल खाली आलं की."

पॅडल खाली आलं की!
म्हणजे चाक नव्हतंच.
चाळीस वर्षांचा माणूस मी या धंद्यातला,
चाक उघडून बसलो
आणि झिजली होती बोटाएवढी कोटर पिन.

डब्यात सोळा पिना होत्या, दिसायला बहिणी.
पण जी ती क्रँक वेगळी,
पिनेचा सपाट भाग कानशीनं घासत घासत
त्या एकाच भोकापुरता करावा लागतो.
घासली, लावून बघितली, परत घासली,
हातोडीचे तीन ठोके, वर नट.
पासष्ट रुपये तिच्यापुढं ठेवले.
तिनं चाळीस उचलले.
"ग्रीसचे ऱ्हाऊ द्या, ते तर लागलंच की."

आता शाळा सुटली की ती दहा मिनिटं थांबते.
दिवसभराच्या सायकली ओळीनं उभ्या असतात.
मी चाक फिरवतो, ती डोळे मिटते,
मी तिच्या भुवईकडं बघतो.
भुवई हलली की पान्हा हातात.

काल एकदाही हलली नाही.
तरी ती गेल्यावर
मी एक हब परत उघडला
आणि छर्रे मोजून घेतले.